काळजी घेणे आणि काळजी करणे

मराठी भाषेत ‘काळजी’ या एकाच शब्दाला दोन क्रियापदे जोडली जातात. मनुष्य काळजी घेतो आणि मनुष्य काळजी करतो. पहिल्या प्रयोगात कर्तव्य आहे, दुसऱ्यात क्लेश आहे. आई आजारी मुलाची काळजी घेते तेव्हा तिचे हात कामात असतात; ती काळजी करीत बसते तेव्हा हात रिकामे असतात आणि मन मात्र सैरावैरा धावत असते. शब्द एकच असल्यामुळे व्यवहारात या दोहोंची सरमिसळ होते. पुष्कळदा मनुष्य करीत असतो काळजी, पण त्याची प्रामाणिक समजूत अशी असते की आपण काळजी घेत आहोत.

या सरमिसळीतून उद्भवणारा प्रश्न केवळ भाषेचा नाही, धर्माचाही आहे. देह हे सर्व कर्तव्यांचे साधन असल्यामुळे त्याचे रक्षण करणे हे गृहस्थाचे कर्तव्य होय, याविषयी दुमत नाही. मग त्याच देहाविषयी अहोरात्र धास्ती बाळगणे हाही कर्तव्याचाच भाग का मानू नये? की ही धास्ती म्हणजे कर्तव्याच्या वेषात आलेला मोह होय? हा विचार मोघमपणे करण्यापेक्षा एखाद्या ठळक उदाहरणाच्या आधारे करणे बरे. आजारातून उठल्यानंतरचा काळ हे असे उदाहरण आहे. कारण त्या काळात काळजी घेणे खरोखरच आवश्यक असते आणि काळजी करणे अगदी स्वाभाविक असते.

साठी ओलांडलेला एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. नोकरीतून निवृत्त झालेला, मुलेबाळे मार्गी लागलेली, नातवंडांच्या अभ्यासात आणि देवपूजेत दिवस सुखाने जाणारा. एके दिवशी त्याच्या ओटीपोटात डाव्या बाजूस असह्य कळ येते, ताप भरतो, अन्नावरची वासना जाते. रुग्णालयात तपासणी होते, सीटी स्कॅन काढले जाते आणि डॉक्टर ‘डायव्हर्टिक्युलायटिस’ असे नाव सांगतात. मोठ्या आतड्याची भिंत काही ठिकाणी, विशेषतः जेथून रक्तवाहिन्या आत शिरतात तेथे, थोडी दुर्बळ असते. आतल्या दाबाने तेथील अस्तर बाहेर ढकलले जाते आणि लहान लहान पिशव्या तयार होतात. वाढत्या वयात अशा पिशव्या पुष्कळांना असतात आणि त्यांपैकी बहुतेकांना त्यांचा जन्मभर पत्ताही लागत नाही. थोड्यांच्या बाबतीत मात्र एखादी पिशवी सुजते आणि हा विकार जडतो. या गृहस्थाची सूज गुंतागुंतीची नव्हती. विश्रांती, काही दिवस पातळ आहार आणि औषधे एवढ्याने ती ओसरली. ताप गेला, कळ थांबली, तो घरी आला. डॉक्टरांच्या दृष्टीने तो बरा होऊ लागला होता.

त्याचे खरे दुखणे मात्र येथून सुरू झाले. पूर्वी घड्याळाप्रमाणे सकाळी होणारी शौचाची क्रिया आता अनियमित झाली. कधी दोन दिवस कोठा साफ होत नाही, कधी दिवसातून तीनदा जावे लागते. मळ कधी पातळ, कधी खड्यांसारखा घट्ट. पोट फुगल्यासारखे वाटते, डाव्या बाजूस मधूनच बारीक टोचल्यासारखे होते. प्रत्येक बदलाबरोबर त्याच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : पुन्हा सुरू झाले काय? त्याहून भयंकर असा दुसरा प्रश्न त्यामागे दबा धरून असतो : हा कर्करोग तर नसेल ना? तो रोज शौचकूपात आपल्या मळाचे बारकाईने निरीक्षण करतो, दिवसातून दहा वेळा पोट दाबून पाहतो, वारंवार ताप मोजतो. हा विषय चारचौघांत बोलण्याजोगा नाही. म्हणून त्याची भीती एकटी पडते, आणि एकटी पडलेली भीती लवकर वाढते. एकट्या पत्नीला मात्र रोज सकाळी त्याचा वृत्तान्त ऐकावा लागतो आणि ‘काही नाही, ठीक आहे’ असे रोज सांगावे लागते. त्या शब्दांनी त्याला तासभर धीर येतो. तास उलटला की तो पुन्हा विचारतो.

या माणसाला हसणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. त्याला होणारा त्रास काल्पनिक नाही. सूज ओसरल्यानंतरही आतड्याचे स्नायू व मज्जातंतू काही काळ हळवे राहू शकतात. आजारात आहार पातळ झालेला असतो, मग तो हळूहळू पूर्ववत होतो. प्रतिजैविके दिली असल्यास आतड्यातील उपकारक सूक्ष्मजंतूंची घडी विस्कटते. हालचाल कमी झालेली असते. एवढे सर्व घडल्यावर मलप्रवृत्ती काही आठवडे अस्थिर राहिली तर त्यात नवल नाही. काहींच्या बाबतीत हा हळवेपणा त्याहून अधिक काळ टिकतो आणि त्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात. घर जळता जळता वाचले म्हणजे आग विझल्याबरोबर भिंतींवरची काजळी जात नाही. परंतु काजळी दिसते म्हणून आग पुन्हा लागली असेही होत नाही.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आतडे ही केवळ निर्जीव नळी नव्हे. तिच्या भिंतींत दहा कोटींहून अधिक चेतापेशींचे जाळे असते आणि मेंदूशी त्यांचा अखंड संवाद चाललेला असतो. 1822 साली अमेरिकेत अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुणाला बंदुकीचा बार लागून त्याच्या जठराला पडलेले छिद्र कायमचे उघडे राहिले. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या छिद्रातून वर्षानुवर्षे पचनक्रियेचे निरीक्षण केले आणि 1833 साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. राग व भीती यांनी जठराचे काम बिघडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. त्या शतकाच्या अखेरीस वॉल्टर कॅनन यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजराच्या जठराची हालचाल पाहिली, तेव्हा मांजर अस्वस्थ होताच ती हालचाल थांबते असे त्यांना आढळले. परीक्षेच्या सकाळी विद्यार्थ्याला वारंवार शौचास का जावे लागते, हे कोणत्याही आईला प्रयोगाशिवाय ठाऊक असते. भीती आतड्याला हलविते. हललेले आतडे भीतीला नवे कारण पुरविते. आपल्या भीतीची साक्ष म्हणून तो गृहस्थ ज्या लक्षणांकडे बोट दाखवितो, त्यांतील काही त्या भीतीनेच निर्माण केलेली असतात. फिर्यादी आणि साक्षीदार एकच असावे, तसा हा प्रकार आहे.

गीतेच्या वाचकाला हे नवीन वाटू नये. त्या ग्रंथाचा आरंभच एका थोर पुरुषाच्या शारीरिक लक्षणांनी झाला आहे. पहिल्या अध्यायात अर्जुनाची गात्रे शिथिल होतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचेचा दाह होतो, हातातून धनुष्य गळून पडते. ही सर्व लक्षणे खरी आहेत. अर्जुन कोणतेही सोंग करीत नाही. तथापि त्याला बाण लागलेला नाही, युद्धाला अद्याप प्रारंभही झालेला नाही. श्रीकृष्ण त्याच्या लक्षणांना खोटे ठरवीत नाहीत आणि त्या लक्षणांनी सुचविलेला निर्णयही मान्य करीत नाहीत. वेदना खरी मानावी, परंतु तिने काढलेला निष्कर्ष तपासून घ्यावा, हा विवेक त्या प्रसंगातून शिकण्यासारखा आहे.

मग प्रश्न असा की, काळजी घेणे कोठे संपते आणि काळजी करणे कोठे सुरू होते? या दोहोंतील सीमा ओळखण्यासाठी तीन कसोट्या लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी अशी की, काळजी घेण्याला कृती असते आणि त्या कृतीला शेवट असतो. पाणी पुरेसे प्यावे; भाज्या, फळे, डाळी, ज्वारी-बाजरीची भाकरी असे चोथायुक्त अन्न डॉक्टरांच्या सल्ल्याने एकदम न वाढविता हळूहळू वाढवावे; रोज चालावे; धूम्रपान करीत असल्यास सोडावे; वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. एवढे केले की त्या दिवसापुरते कर्तव्य पूर्ण झाले. काळजी करण्याला असा शेवट नसतो. दहाव्यांदा पोट दाबून पाहिल्याने नवव्या वेळेपेक्षा अधिक काहीच कळत नाही, तरी अकराव्यांदा हात पोटाकडे जातोच.

दुसरी कसोटी अशी की, काळजी घेणारा ज्ञानाला शरण जातो, काळजी करणारा ऐकीव गोष्टींना. या विकारात शेंगदाणे, तीळ, मका, बिया असलेली फळे वर्ज्य करावीत, कारण त्यांचे कण पिशव्यांत अडकतात, असे कित्येक वर्षे सांगितले जात असे. 2008 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 47,228 पुरुषांच्या आहाराची अठरा वर्षांची माहिती तपासली गेली. दाणे, मका किंवा मक्याच्या लाह्या खाण्याने हा विकार वाढतो असे त्यात आढळले नाही. तरीही भीतीला हा पुरावा पुरत नाही. भाजीतले दाण्याचे कूट बंद होते, संक्रांतीचा तिळगूळ परत ठेवला जातो, हळूहळू ताटात मऊ भात आणि ताक एवढेच उरते. गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिआहाराबरोबर अनाहाराचाही निषेध आहे. भीतीने केलेले लंघन हा संयम नव्हे. ज्या चोथ्याची आतड्याला गरज आहे तोच या भीतीने ताटातून जातो आणि पथ्य म्हणून केलेली गोष्ट अपथ्य होऊन बसते.

तिसरी कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. काळजी घेतल्याने मनुष्य इतर कर्तव्यांसाठी मोकळा होतो. काळजी केल्याने तो त्यांना पारखा होतो. या गृहस्थाने देह कशासाठी जपला? नातवंडांना शिकविता यावे, पत्नीला आधार द्यावा, चार माणसांच्या उपयोगी पडावे, ईश्वराचे चिंतन करावे म्हणून. आता नात वही घेऊन समोर उभी असते आणि आजोबांचे लक्ष पोटात असते. शौचालय जवळ नसेल या भीतीने भाच्याच्या लग्नाला जाणे रद्द होते. आजाराने त्याच्या आयुष्यातले पंधरा दिवस घेतले. भीतीने त्यापुढचे महिने घेतले. साधनाच्या रक्षणात साध्यच नाहीसे झाले, तर त्या रक्षणाला धर्म म्हणता येणार नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, ‘भीतीमुळेच माणसे वेळेवर डॉक्टरांकडे जातात. मलप्रवृत्तीतील बदल हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. या गृहस्थाने निर्धास्त राहावे आणि खरोखरच काही निघाले तर?’

या आक्षेपातील सत्य मान्य केले पाहिजे. परंतु त्याचे उत्तर धास्ती हे नसून व्यवस्था हे आहे. अशा आजारानंतर सुमारे सहा ते आठ आठवड्यांनी, अलीकडे झालेली नसल्यास, दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी करण्याचा सल्ला डॉक्टर पुष्कळदा देतात, तो नेमका याच शंकेच्या निरसनासाठी. तसेच काही लक्षणे अशी आहेत की त्यांत एक दिवसाचाही विलंब करू नये : पुन्हा ताप येणे, कळ वाढत जाणे, मळातून रक्त पडणे किंवा मळ डांबरासारखा काळा होणे, सतत उलट्या होणे, पोट फुगून वायू व मळ दोन्ही अडणे. वजन विनाकारण घटू लागले, अशक्तपणा वाढू लागला किंवा शौचातील बदल आठवड्यांमागून आठवडे टिकून राहिला, तर तेही डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे. ही यादी एकदा नीट समजून घ्यावी, लिहून कपाटाच्या दारावर लावावी आणि तपासणीचा दिवस ठरवून टाकावा. पहारेकरी दारावर उभा केल्यानंतर घरधन्याने झोपावे. स्वतःच रात्रभर अंगणात येरझारा घालणारा धनी चोराला अधिक लवकर पकडतो असे नाही. तो सकाळी कामाला मात्र निरुपयोगी ठरतो.

याच्या अगदी उलट टोकाची चूकही आपल्या समाजात आढळते, आणि तिला वैराग्याचे नाव मिळते म्हणून ती अधिक घातक असते. मळातून रक्त पडत असता ‘देह नश्वर आहे, व्हायचे ते होईल’ असे म्हणून तपासणी टाळणारे लोक असतात. त्यांच्या मनात डोकावून पाहिले तर तेथे बहुधा वैराग्य आढळत नाही. तपासणीत काय निघेल याची भीती आढळते, क्वचित लाज आढळते. एक मनुष्य भीतीमुळे दिवसातून दहा वेळा पाहतो, दुसरा भीतीमुळे एकदाही पाहत नाही. दोघांचाही स्वामी एकच आहे. वैराग्य म्हणजे देहाची हेळसांड नव्हे. देहासाठी जे करणे योग्य ते नीट करून त्याच्या परिणामाविषयीची आसक्ती सोडणे होय.

येथेच कर्म आणि फल यांचा तो प्रसिद्ध विवेक स्वयंपाकघरापर्यंत आणि शौचकूपापर्यंत उतरतो. आहार, पाणी, व्यायाम, औषध, तपासणी हे कर्म आहे. उद्या सकाळी कोठा साफ होईल की नाही, हे फल आहे. पहिल्यावर मनुष्याचा अधिकार आहे, दुसऱ्यावर नाही. काळजी करणारा कर्माने समाधान न पावता फलाची हमी मागतो. आजार पुन्हा कधीच होणार नाही, असे कोणीतरी लिहून द्यावे, अशी त्याची मागणी असते. ही हमी जगातला कोणताही प्रामाणिक डॉक्टर देऊ शकत नाही. कारण हा विकार काहींना पुन्हा होतो, पुष्कळांना होत नाही. पथ्य पाळणाऱ्यालाही तो होऊ शकतो, कारण त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. म्हणूनच ‘माझ्याच कोणत्या चुकीचे हे फळ’ असे म्हणून स्वतःला कोसत बसणेही निरर्थक होय. अनिश्चितता हा या आजाराचा विशेष नाही, देहधारणेचाच तो धर्म आहे. आजारापूर्वीही उद्याची हमी कोणी दिलेली नव्हती. ती नाही, एवढेच आजाराने दाखवून दिले.

घरच्या माणसांचेही या बाबतीत काही कर्तव्य आहे. ‘हे सगळे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे म्हणू नये. कारण पोट खरोखरच दुखत असते आणि ज्याच्या दुखण्यावर विश्वास ठेवला जात नाही तो ते सिद्ध करण्यासाठी अधिकच त्याच्याकडे पाहू लागतो. पण त्याच्या त्याच प्रश्नाला दिवसातून वीस वेळा धीराचे उत्तर देणे, हीही खरी सेवा नव्हे. ‘आपण यादी पाहिली आहे, त्यातले काही नाही, तपासणीचा दिवस ठरला आहे, आता मुलीचा अभ्यास घ्या’ असे शांतपणे एकदा सांगून त्याला कामाकडे वळविणे, हीच खरी सेवा होय. एवढ्यानेही धास्ती सुटत नसेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा मानू नये. इंग्लंडमध्ये रुग्णालयांत येणाऱ्या, आरोग्याच्या चिंतेने ग्रासलेल्या 444 रुग्णांवर एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. विचार व वर्तन यांना वळण लावणाऱ्या मानसोपचाराने त्यांची चिंता नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक कमी झाली आणि तो लाभ दोन वर्षे टिकून राहिला, असे त्यात दिसून आले. आतड्याच्या सुजेवर औषध घेताना जो संकोच वाटला नाही, तो मनाच्या सुजेवर औषध घेताना का वाटावा?

अखेरीस एक गोष्ट स्पष्टपणे पाहिली पाहिजे. या गृहस्थाची भीती आतड्याची नाही. ती मृत्यूची आहे. साठ वर्षे ती झाकलेली होती, एका कळेने ती उघडी पडली. मृत्यूचा प्रश्न खरा आहे आणि तो प्रत्येकाला सोडवावयाचा आहे. परंतु तो शौचकूपात सुटणारा नाही. तेथे कितीही निरीक्षण केले तरी फार तर आजच्या पचनाचा हिशेब मिळेल. आपण कशासाठी जगतो आणि जे उरले आहे ते कोणाच्या उपयोगी लावतो, या प्रश्नांच्या उत्तरातच त्या भयावरचा उतारा आहे. आजाराने हा प्रश्न दाराशी आणून उभा केला असेल, तर त्याने एका परीने उपकारच केला.

म्हणून त्या गृहस्थाने उद्या सकाळी उठावे, पाणी प्यावे, शौचाला जाऊन यावे आणि परत वळून पाहू नये. कोठा साफ झाला तर बरे. न झाला तरी दिवस तेवढाच मोठा आहे. नात वही घेऊन वाट पाहत आहे. देहाची काळजी त्याने घेतलेली आहे. आता देह ज्यासाठी मिळाला आहे त्याची घ्यावयाची आहे.